बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह: कापूस-संत्र्याच्या मुलखातून कोणत्या शिक्क्याला किती किंमत द्यावी

अमेरिकेत एमएसला जाऊ पाहणाऱ्या पोरापोरींच्या घरी जी माहितीपत्रकं येतात, त्यांत विद्यापीठाच्या नावाखाली ‘बिग टेन मेंबर’, ‘एसईसी स्कूल’ किंवा ‘आयव्ही लीग’ असं ठळक छापलेलं असतं. पुसद, वणी, मोर्शी, दर्यापूरकडच्या पालकांना साहजिकच वाटतं की ही नॅकच्या ग्रेडसारखी कुठलीतरी प्रतवारी असणार. तशी ती नाही. या सगळ्या खेळाच्या संघटना आहेत. कॉलेज फुटबॉलचे सामने कोणी कोणाशी खेळायचे आणि टीव्हीच्या कराराचा पैसा सभासदांत कसा वाटायचा, हे त्या ठरवतात. हा फुटबॉलही आपला नव्हे, अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन खेळ.

तरी या नावांना शैक्षणिक वजन आहे आणि ते पोकळ नाही. सारख्या ऐपतीची विद्यापीठं आधी एकमेकांशी खेळायला लागली आणि मग ग्रंथालयं, संशोधनही वाटून घेऊ लागली, असं काही ठिकाणी खरोखर झालंय. अडचण मापाची आहे. ज्या मापाने हे वजन तोलतात ते शेतीच्या विषयांना कमी धरतं. त्यामुळे संगणकशास्त्रासाठी जो क्रम लागतो, तो कापूस, संत्रा आणि कापडासाठी बराचसा उलटा होतो.

या संघटनांची, म्हणजे ‘कॉन्फरन्स’ची तुलना करताना जाणकार बहुतेक वेळा एक आकडा पाहतात: सभासदांपैकी किती जण ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’मध्ये, म्हणजे एएयूमध्ये आहेत. १९०० साली १४ विद्यापीठांनी सुरू केलेली ही संशोधन-विद्यापीठांची संघटना. तिथे अर्ज करून शिरता येत नाही, बोलावणं यावं लागतं. सध्या ७१ सभासद, त्यांतले दोन कॅनडातले. या मापाने बिग टेनचे १८ पैकी १७ सभासद आत बसतात, एसीसीचे १८ पैकी ९, एसईसीचे १६ पैकी ५ आणि बिग ट्वेल्व्हचे १६ पैकी ५. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं आत आहेत. डार्टमथ सगळ्यांत शेवटी, २०१९ मध्ये आलं.

आकडे पाहून बिग टेन जिंकली म्हणून मोकळं होता येईल, पण बिग टेनमधला जो एक जण बाहेर आहे त्याची हकिगत आपल्या कामाची आहे. तो म्हणजे नेब्रास्का. १९०९ पासून एएयूचा सभासद. २०१० मध्ये बिग टेनने त्याला घ्यायचं ठरवलं आणि २०११ मध्ये, प्रत्यक्ष खेळायला सुरुवात होण्याआधीच, एएयूने मत घेऊन त्याला बाहेर काढलं. कारणं दोन. एक, त्यांचं वैद्यकीय महाविद्यालय ओमाहाला वेगळ्या प्रशासनाखाली आहे, त्यामुळे तिथलं संशोधन लिंकनच्या, म्हणजे मुख्य कॅम्पसच्या खात्यात धरलं गेलं नाही. दुसरं, एएयू पहिल्या पातळीवर मोजते तो स्पर्धेतून मिळालेला केंद्रीय संशोधन निधी, राष्ट्रीय अकादम्यांचे सदस्य, प्राध्यापकांचे पुरस्कार आणि शोधनिबंधांचे संदर्भ. अमेरिकन कृषी खात्याकडून आणि राज्याकडून येणारा पैसा दुसऱ्या पातळीवर जातो. म्हणजे ज्या विद्यापीठात मका, सोयाबीन आणि गुरांवर सगळ्यात जास्त काम होतं, त्याच्याच खात्यात कमी गुण पडतात. आयोवा स्टेट २०२२ मध्ये स्वतःहून एएयूतून बाहेर पडलं, आणि हे निकष वैद्यकीय महाविद्यालय असलेल्यांकडे झुकलेत असं त्यांनी उघड सांगितलं. सोयाबीन आणि मक्याच्या पैदास संशोधनात आयोवा स्टेटला टाळून पुढे जाता येत नाही. पण माहितीपत्रकात ते बिग ट्वेल्व्हच्या रांगेत, ‘एएयू नाही’ म्हणून खाली ढकललेलं दिसेल.

बिग टेनपासून सुरुवात करू. १८९६ ची संघटना, आता १८ सभासद. नॉर्थवेस्टर्न आणि यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) सोडले तर सगळी सरकारी विद्यापीठं. खेळाच्या पलीकडे शैक्षणिक भागीदारी खऱ्या अर्थाने इथेच दिसते. १९५८ पासून सभासदांची वेगळी शैक्षणिक समिती आहे. २०१६ पासून तिचं नाव बिग टेन अकॅडमिक अलायन्स. पर्ड्यूला बसून मिशिगनच्या ग्रंथालयातलं पुस्तक मागवता येतं. पीएचडीच्या विद्यार्थ्याला ट्रॅव्हलिंग स्कॉलर योजनेतून दुसऱ्या सभासद विद्यापीठात काही काळ काम करता येतं. शिकागो विद्यापीठाने १९४६ मध्ये फुटबॉलची ही संघटना सोडली, पण शैक्षणिक समितीत ते २०१६ पर्यंत टिकून होतं. खेळ सुटला तरी सोडावंसं वाटलं नाही, इतकी ती समिती उपयोगाची.

शेतीसाठी बिग टेनमध्ये दोन ठिकाणं विशेष. इलिनॉयच्या अर्बाना गावी अमेरिकन कृषी खात्याचा सोयाबीनच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यवतमाळ-वाशीमकडे पिवळ्या मोझॅकने किंवा खोडमाशीने सोयाबीन गेल्यावर प्रतिकारक वाण शोधायचं म्हटलं, तर अशा संग्रहातूनच सुरुवात होते. दुसरं पर्ड्यू. तिथले गेबिसा इजेटा यांना ज्वारीवरच्या कामासाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्वारीची मुळं पिऊन टाकणाऱ्या स्ट्रायगा या परोपजीवी तणाला दाद न देणारे वाण त्यांनी तयार केले. ज्वारीवर संशोधन करायचं असेल तर पर्ड्यूचं नाव आधी लिहा. कापसासाठी मात्र बिग टेनकडे जाण्यात अर्थ नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनच्या थंडीत पऱ्हाटी उभी राहत नाही, त्यामुळे कापसाचा प्राध्यापक आणि कापसाचं वावर दोन्ही तिथे मिळत नाहीत.

एसईसीची, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सची गोष्ट वेगळी. १९३२ साली दक्षिणेतल्या विद्यापीठांनी काढलेली, फुटबॉलमध्ये जबरदस्त, अभ्यासात मात्र कायम मागे धरली गेलेली. ही कुजबुज अगदीच बिनबुडाची नव्हती. नावाजलेले सभासद एकेक करून निघून गेले: सिवानी १९४० मध्ये, जॉर्जिया टेक १९६४ मध्ये, टुलेन १९६६ मध्ये. बराच काळ एएयूमध्ये एसईसीकडून एकटं व्हँडरबिल्ट होतं, १९८५ मध्ये फ्लोरिडाची भर पडली. २०१२ मध्ये मिझुरी आणि टेक्सास ए अँड एम, २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर चित्र बदललं. व्हँडरबिल्ट हे १६ सभासदांतलं एकमेव खासगी विद्यापीठ.

आता कापसाचा नकाशा एसईसीच्या नकाशावर ठेवून पाहा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, अर्कान्सा, टेक्सास. अमेरिकेच्या कापूस पट्ट्याचा मोठा भाग इथेच येतो. टेक्सास ए अँड एमच्या कॉलेज स्टेशनला कृषी खात्याचा कापसाच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मिसिसिपीच्या स्टोनव्हिलला मिसिसिपी स्टेटचं संशोधन केंद्र, आणि त्याच गावात कृषी खात्याची जिनिंगची प्रयोगशाळा. रुई-सरकी वेगळी करताना धागा किती तुटतो आणि कचरा किती राहतो हे तिथे मोजतात. हिंगणघाट-वणीच्या जिनिंगवाल्यांना हाच तोटा दर हंगामात सोसावा लागतो. अलाबामात ऑबर्न विद्यापीठात ‘ओल्ड रोटेशन’ नावाचा प्रयोग १८९६ पासून आजतागायत चालू आहे. एका एकरात १३ तुकडे. काहींत वर्षानुवर्षे फक्त कापूस, काहींत कापसानंतर हिवाळ्यात द्विदल हिरवळीचं पीक, काहींत मका-सोयाबीनचा फेरपालट. नत्राचं खत न टाकता द्विदल पिकाच्या बळावर कापूस किती टिकतो, याचा एवढा लांब हिशेब कापसाच्या बाबतीत जगात दुसरीकडे नाही. कापूस-तूर आंतरपीक घेणाऱ्या मुलखातल्या विद्यार्थ्याला यातून किती मिळू शकतं! ऑबर्न एएयूमध्ये नाही. आमच्या लेखी कोरडवाहू कापसाच्या विद्यार्थ्याने त्यामुळे तिळमात्र बिचकू नये.

एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, १९५३ ची. ड्यूक, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया टेक, आणि २०२४ पासून स्टॅनफर्ड व बर्कलेही. एकेका नावाच्या वजनावर एसीसी बिग टेनपेक्षा भारी वाटते. मात्र अर्धे सभासद एएयूबाहेर आहेत. नोत्र दाम सभासद असूनही फुटबॉल स्वतंत्रपणे खेळतं, तेव्हा १७ आणि १८ असे दोन्ही आकडे वाचायला मिळाले तर गोंधळू नका. वैदर्भीय विद्यार्थ्याला इथे दोन गोष्टी लागू पडतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेटचं विल्सन कॉलेज ऑफ टेक्स्टाइल्स: धागा, विणकाम, रंगाई, तांत्रिक कापड असं सगळं एका छताखाली. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग केलेल्याने आयव्ही लीगचा विचार बाजूला ठेवून आधी इथला अभ्यासक्रम वाचावा. नॉर्थ कॅरोलायना स्टेटही एएयूमध्ये नाही. दुसरी, जॉर्जिया टेकची संगणकशास्त्राची ऑनलाइन एमएस. २०१४ ला सुरू झाली, पूर्ण पदवीचा खर्च दहा हजार डॉलरच्या आत बसतो, जीआरई लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागते. शेगाव किंवा बडनेऱ्यातून इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलेल्यांसाठी पैशाच्या मानाने याहून चांगला सौदा आमच्या पाहण्यात नाही. गोम एकच: ऑनलाइन शिक्षणावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. अमेरिकेत जाणं हाच हेतू असेल तर हा रस्ता तुमचा नाही.

बिग ट्वेल्व्हला माहितीपत्रकात सगळ्यात खालची जागा मिळते. टेक्सास, ओक्लाहोमा, नेब्रास्का, मिझुरी असे मोठे सभासद गेले आणि नवे आले, त्यामुळे तिला रिकाम्या जागा भरून उभी ठेवलेली संघटना समजतात. आपल्यासाठी ती पहिल्या दोनांत येते.

कारण गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात आणि आसपास काय झालं ते नव्याने सांगायला नको. अमेरिकेने हीच अळी आपल्या कापसातून संपवली. तिथल्या कृषी खात्याने २०१८ मध्ये तसं जाहीर केलं. हे काम ॲरिझोनात सगळ्यात बारकाईने झालं, आणि ॲरिझोना विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ त्यात सुरुवातीपासून होते. १९९६ ला बीटी कापूस आल्यावर त्यांनी दरवर्षी शेतातून अळ्या गोळा करून बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती मोजली आणि ती वाढू नये म्हणून बिगर-बीटी कापसाचे पट्टे राखले. पुढे २००६ पासून नपुंसक केलेले पतंग शेतांवर सोडले, म्हणजे उरल्यासुरल्या अळीला जोडीदारच मिळू नये. आपल्याकडे अशाच पट्ट्यांसाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीसोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटी पुडी मिळायची. ती पेरली किती जणांनी आणि फेकली किती जणांनी, हे गावोगाव माहीत आहे. कीटकशास्त्रात एमएस किंवा पीएचडी करून परत विदर्भात काम करायचं असेल तर ॲरिझोनाइतकं नेमकं ठिकाण नाही. ते एएयूमध्येही आहे.

आणि शिक्क्याचं कसं असतं ते पाहा. ॲरिझोना २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत पॅक-ट्वेल्व्ह या पश्चिमेकडच्या संघटनेत होतं. त्या वर्षी पॅक-ट्वेल्व्ह मोडली. यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन, वॉशिंग्टन बिग टेनला गेले, स्टॅनफर्ड-बर्कले एसीसीला, आणि ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो, युटा बिग ट्वेल्व्हला. कारण टीव्हीच्या पैशाचं होतं. प्रयोगशाळा तीच, मार्गदर्शक तेच, पदवीही तीच.

बिग ट्वेल्व्हमधलं दुसरं नाव टेक्सास टेक, लबक गावचं. भोवती मैलोन्‌मैल कापूस, त्यातला बराच पावसाच्या भरवशावर, कारण ओगलाला भूजल खाली चाललंय. तिथल्या फायबर अँड बायोपॉलिमर संशोधन संस्थेत रुईची स्टेपल लांबी, मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा), ताकद मोजून पुढे सूत काढून पाहण्यापर्यंतची सोय आहे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गाडी उभी असताना ज्या मापांवरून भाव ठरतो, ती कशी काढतात आणि वाणागणिक, ओलाव्यागणिक का बदलतात, हे तिथे मुळातून शिकता येतं. कॅन्सस स्टेटचा धान्य विज्ञान विभाग गिरणी, बेकरी आणि पशुखाद्याचं शिक्षण देतो. अकोल्याच्या डाळ मिलवाल्या घरांतल्या मुलांनी तो पाहून ठेवावा.

आयव्ही लीगबद्दल थोडक्यात. तीही खेळाचीच संघटना, १९५४ च्या करारातून आकाराला आलेली, आठही विद्यापीठं खासगी, खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. एमआयटी आणि स्टॅनफर्ड आयव्ही नाहीत. शेतीचं महाविद्यालय हवं असेल तर आठांत कॉर्नेल एवढंच.

संत्र्यासाठी या सगळ्या याद्यांच्या बाहेर बघावं लागतं. एसईसीतल्या फ्लोरिडा विद्यापीठाचं लेक आल्फ्रेडचं लिंबूवर्गीय फळांचं केंद्र मोठं आहे. फ्लोरिडात २००५ ला ग्रीनिंग रोग सापडल्यापासून बागा वाचवण्याचं काम तिथे चालू आहे. पण यूसी रिव्हरसाइड, जे १९०७ च्या संत्रा प्रयोग केंद्रातून वाढलं आणि जिथे लिंबूवर्गीय वाणांचा मोठा संग्रह आहे, ते फुटबॉल खेळतच नाही, म्हणून कुठल्याच शिक्क्याखाली दिसत नाही. २०२३ मध्ये ते एएयूमध्येही आलं. वरूड-मोर्शीच्या पोरीला कलम, खुंट आणि डिंक्यावर काम करायचं असेल तर तिने ते आधी पाहावं.

सगळ्यात जास्त घोटाळा नावांत होतो. शिक्का मुख्य कॅम्पसचा आणि प्रवेश दुसऱ्याच कॅम्पसला, असं सर्रास घडतं. बिग टेनमधलं विस्कॉन्सिन म्हणजे मॅडिसन; मिलवॉकी नव्हे. इलिनॉय म्हणजे अर्बाना-शँपेन, शिकागोचं वेगळं. मिशिगन म्हणजे ॲन आर्बर. डिअरबॉर्न आणि फ्लिंट वेगळे. पर्ड्यू म्हणजे वेस्ट लफायेट. पर्ड्यू नॉर्थवेस्ट वेगळं. एसईसीतलं टेक्सास म्हणजे ऑस्टिन. डॅलस किंवा आर्लिंग्टन नव्हे. टेक्सास ए अँड एम म्हणजे कॉलेज स्टेशन; किंग्जव्हिल वेगळं, जरी संत्र्या-मोसंब्यासाठी किंग्जव्हिलचं वेस्लॅकोचं केंद्र स्वतःच्या बळावर उत्तम असलं तरी. पेन स्टेट बिग टेनमधलं सरकारी, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आयव्हीतलं खासगी. मायामी फ्लोरिडातलं एसीसीत, ओहायोतलं मायामी भलतंच. वॉशिंग्टन, वॉशिंग्टन स्टेट आणि सेंट लुईसचं वॉशिंग्टन, तिन्ही निराळी. हे वेगळे कॅम्पस वाईट आहेत असं मुळीच नाही. ज्या नावाचे पैसे भरताय तेच मिळतंय ना, एवढं पाहायचं. अर्ज करताना पत्त्यातलं गाव वाचा. टोफेल-जीआरईचे गुण पाठवताना कॅम्पसचा कोड तपासा, कारण एकाच विद्यापीठाच्या कॅम्पसचे कोड वेगवेगळे असतात. आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) हातात आल्यावर त्यावरचं कॅम्पसचं नाव पुन्हा जुळवा. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ५० डॉलरच्या वर असते आणि परत मिळत नाही.

‘अकॅडमिक’ म्हणून आणखी एक आकडा फिरतो, एपीआर नावाचा, १००० पैकी, ९३० च्या खाली गेलं की संघावर कारवाई. तो फक्त खेळाडूंच्या अभ्यासाचा आहे. तुमच्या विभागाशी त्याचा संबंध नाही, तो सोडून द्या.

निवड करताना क्रम असा ठेवा. आधी पदवी तपासा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्री किंवा बीई-बीटेक चार वर्षांची, तिला अडचण येत नाही. नागपूर किंवा अमरावती विद्यापीठाची जुनी तीन वर्षांची बीएस्सी-बीकॉम बऱ्याच ठिकाणी एमएसला चालत नाही. त्यांनी आधी इथे एमएस्सी करावी, नाहीतर अर्ज करण्याआधी विभागाला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावं.

मग पैसा कुठून येणार ते ठरवा, कारण त्यावर कॉन्फरन्सही बदलते. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीची अट असते. त्या वर्षीची जाहिरात वाचून अट पाहा. पर्ड्यू, इलिनॉयसारखी बिग टेनची मोठी नावं त्यात बसतात, ऑबर्न किंवा टेक्सास टेक बसत नाहीत. उलट शेतीच्या विषयात प्रबंधासह एमएस करणाऱ्यांना प्राध्यापकाच्या प्रकल्पातून असिस्टंटशिप, म्हणजे कामाच्या बदल्यात मानधन आणि ट्यूशनमध्ये सूट, मिळू शकते आणि तिथे क्रमवारी कोणी विचारत नाही. म्हणजे शिष्यवृत्तीवर जाणाऱ्याने बिग टेन आधी पाहावी, असिस्टंटशिपवर जाणाऱ्याने एसईसी आणि बिग ट्वेल्व्ह.

असिस्टंटशिपसाठी प्राध्यापकाचा होकार अर्जाच्या आधी लागतो. कृषी विभागांत मार्गदर्शक ठरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही, आणि नुसता ऑनलाइन अर्ज टाकून वाट पाहणाऱ्यांचे नकार बहुधा इथेच येतात. प्राध्यापकाचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचा. मग दहा-बारा ओळींचं ईमेल: कोणतं पीक, कोणती कीड किंवा रोग, पदवीत कोणता प्रयोग केला, किती गुण, कधीपासून यायचंय. गुणपत्रिकेची स्कॅन प्रत जोडा. विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट काढायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज आधीच टाकून ठेवा. पाहणीसाठी बऱ्याच विद्यापीठांना स्कॅन चालते, मूळ कागद प्रवेशानंतर मागतात.

होकाराचं पत्र आलं की त्यात चार गोष्टी शोधा: आठवड्याचे तास किती, कारण विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, ट्यूशन पूर्ण माफ की अर्धी, आरोग्य विमा कोण भरणार, आणि ट्यूशनशिवायची सत्राची ‘फीज’ माफ आहे की खिशातून जाणार. ही शेवटची रक्कम पत्रात बहुधा लिहिलेली नसते आणि पहिल्याच सत्रात भरावी लागते, म्हणून विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ती डॉलरमध्ये विचारून घ्या.